पत्ता एक, नोंदी अनेक : प्रताप नगर आणि लोकांनी मिळून काढलेला नकाशा



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. नकाशावर पत्ता कसा लिहायचा? कुणी म्हणेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? घराचा नंबर, रस्त्याचं नाव, शहर, पिनकोड, संपलं. पण ज्या नकाशात हजारो माणसं एकमेकांना न ओळखता, आपापल्या वेळेनुसार नोंदी करत असतात, तिथं हीच लहानशी गोष्ट मोठ्या घोळाचं कारण होते. हा घोळ का होतो आणि तो कसा सोडवायचा, हे आज आपण नागपूरच्या प्रताप नगरचं उदाहरण घेऊन पाहणार आहोत. उदाहरण प्रताप नगरचं असलं तरी महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातल्या श्रोत्यांना ते ओळखीचं वाटेल.

लोकांचा नकाशा चालतो कसा

ज्यांना ओपनस्ट्रीटमॅप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये हा प्रकल्प सुरू केला. कल्पना अशी, की जगाचा नकाशा लोकांनीच काढायचा, लोकांनीच दुरुस्त करायचा आणि त्यातली माहिती कुणालाही वापरता यावी. विकिपीडियात लेख असतात, इथं रस्ते, इमारती, दवाखाने, विहिरी असतात. २०१० साली हैतीमध्ये भूकंप झाला, तेव्हा जगभरातल्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा काही दिवसांत उभा केला आणि मदतपथकांनी तो वापरला. तेव्हापासून या नकाशाकडे हौस म्हणून पाहणं बंद झालं. आज मोबाइलवर इंटरनेटशिवाय चालणारी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारखी ॲप्स याच माहितीवर चालतात.

आता यातली नोंद कशी असते ते बघा. नकाशावर एक बिंदू, रेषा किंवा आकृती काढायची आणि तिला चिठ्ठ्या लावायच्या. या चिठ्ठीला म्हणतात टॅग. प्रत्येक टॅगचे दोन भाग असतात : डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. ‘हे काय आहे?’ – ‘शाळा’. ‘नाव?’ – अमुक. ‘किती मजले?’ – ३. डाव्या बाजूला कोणता शब्द वापरायचा, यावर कुणाची सक्ती नाही. लोकांनी चर्चा करून संकेत ठरवलेले आहेत. ते पाळले जातात, पण मोडले तर संगणक नोंद नाकारत नाही. या मोकळेपणामुळेच हा नकाशा इतका वाढला.

पत्त्यासाठी अशाच चिठ्ठ्यांचा एक संच आहे. प्रत्येकीच्या सुरुवातीला ‘ॲडर’ हे ॲड्रेसचं छोटं रूप येतं. ॲडर-हाउसनंबर म्हणजे घराचा क्रमांक. ॲडर-स्ट्रीट म्हणजे रस्ता. मग सबर्ब, सिटी, पोस्टकोड, आणि आणखी काही. आपण पुढे सोयीसाठी ‘ॲडर’ गाळून नुसतं हाउसनंबर, स्ट्रीट असं म्हणू.

या संचाला कार्ल्सरूह पद्धत म्हणतात, कारण जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात जमलेल्या मंडळींनी ती आखली. आपल्या सगळ्या घोळाचं बीज इथं आहे. पद्धत वाईट नाही. पण ती ज्या शहरांत जन्मली, तिथं प्रत्येक गल्लीला नाव असतं, नावाची पाटी असते, आणि घरांचे नंबर त्या रस्त्याच्या कडेनं ओळीनं चालतात. तिथं पत्ता म्हणजे रस्ता अधिक नंबर.

प्रताप नगरात पत्ता म्हणजे काय?

प्रताप नगरचा पत्ता उलगडून पाहू

एक काल्पनिक पत्ता घेऊ. कुणाच्या खऱ्या घराचा नाही, बरं का. ‘प्लॉट नं. ४५, अमुक गृहनिर्माण सहकारी संस्था, हनुमान मंदिराच्या मागे, प्रताप नगर, रिंग रोड, नागपूर – ४४००२२.’

नागपूरकराला यात काहीच खटकणार नाही. लग्नपत्रिकेवर, बँकेच्या पासबुकावर, कुरिअरच्या पाकिटावर असाच पत्ता असतो. आता एकेक तुकडा सुटा करू.

प्लॉट नं. ४५. हा ४५ आला कुठून? तो रस्त्यावरून आलेला नाही. कुणा शेतकऱ्याची जमीन होती, तिला खसरा क्रमांक होता, मौजाचं नाव होतं. ती जमीन सोसायटीनं घेतली, तिचा ले-आउट पाडला, आणि त्या कागदावर प्लॉटना १ पासून क्रमांक दिले. म्हणजे ४५ हा आकडा ले-आउटच्या कागदाचा आहे. शेजारच्या सोसायटीनं आपला ले-आउट पाडला तेव्हा तिनंही १ पासूनच सुरुवात केली. त्यामुळे एकाच पिनकोडात ४५ नंबरचे कितीतरी प्लॉट असू शकतात. शिवाय एका ले-आउटमध्ये नंबर कसे वळतात, हे आखणाऱ्यावर अवलंबून. एका रांगेत डावीकडून उजवीकडे जातात, दुसऱ्या रांगेत उजवीकडून डावीकडे परत येतात. ४५ च्या समोर ४६ असेलच असं नाही. ६० सुद्धा असू शकतो.

पुढचा तुकडा, सोसायटीचं नाव. ‘कोणता ४५?’ या प्रश्नाचं उत्तर फक्त हा तुकडा देतो. म्हणून पत्त्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. नेमका याच भागाला कार्ल्सरूहच्या मूळ चौकटीत सहज बसेल असा कप्पा दिसत नाही.

‘मंदिराच्या मागे’ हा पत्ता नाही, वाट आहे. विचारत येणाऱ्या माणसासाठी ती खूण आहे.

प्रताप नगर ही वस्ती. आणि मग रिंग रोड. इथं लक्ष द्या. हे घर रिंग रोडवर नाही, आत कुठंतरी तिसऱ्या-चौथ्या गल्लीत आहे. ‘रिंग रोड’ लिहिण्याचा अर्थ एवढाच, की ‘रिंग रोडनं या आणि आत वळा’. घराला लागून जो रस्ता आहे, त्याला बहुधा नावच नाही. नऊ मीटरचा असेल, बारा मीटरचा असेल, पण बिननावाचा.

म्हणजे युरोपातला पत्ता रेषेवर चालतो : रस्ता धरा, नंबर मोजत जा. आपला पत्ता डब्यात डबा असा चालतो : शहरात वस्ती, वस्तीत ले-आउट, ले-आउटमध्ये प्लॉट. हे मागासलेपण नाही. जपानमध्येही बहुतेक ठिकाणी पत्ता रस्त्यानं नाही, तर मोहल्ला, त्यातला ब्लॉक आणि ब्लॉकमधला क्रमांक असाच सांगतात. तिथल्या नकाशेकरांनी आपल्यासाठी ब्लॉकक्रमांकाची वेगळी चिठ्ठी वापरात आणली. आपल्याकडे तशी सर्वांनी मिळून ठरवलेली सवय अजून रुजलेली नाही.

एकच घर, पाच जणांच्या पाच नोंदी

आता हा पत्ता नकाशात भरायला पाच स्वयंसेवकांना सांगितला तर काय होईल?

पहिला म्हणतो, स्ट्रीटचा कप्पा रिकामा कसा ठेवायचा? तो लिहितो : हाउसनंबर ४५, स्ट्रीट प्रताप नगर.

दुसरा म्हणतो, प्रताप नगर हा काही रस्ता नाही. रस्ता रिंग रोड आहे. तो लिहितो : हाउसनंबर ‘प्लॉट नं. ४५’, स्ट्रीट रिंग रोड, सबर्ब प्रताप नगर. सोसायटी गळाली.

तिसऱ्याला सोसायटी महत्त्वाची वाटते. तो तिचं नाव हाउसनेम, म्हणजे घराच्या नावाच्या कप्प्यात टाकतो आणि सिटीमध्ये ‘प्रताप नगर, नागपूर’ असं एकत्र लिहितो.

चौथा म्हणतो, ही भानगडच नको. ‘फुल’ नावाची एक चिठ्ठी आहे, तिच्यात अख्खा पत्ता एका ओळीत लिहून टाकतो. ही चिठ्ठी खरं तर चौकटीत न बसणाऱ्या पत्त्यांसाठीच ठेवलेली आहे. पण त्या ओळीतलं काय वस्ती आणि काय खूण, हे यंत्राला कळत नाही.

पाचवा लिहितो : हाउसनंबर ४५, प्लेस अमुक सोसायटी, सबर्ब प्रताप नगर, सिटी नागपूर, पोस्टकोड ४४००२२.

पाचही जण प्रामाणिक आहेत. प्रत्येकाजवळ आपल्या निवडीचं कारण आहे. कुणी आळशीपणा केला असं म्हणता येत नाही. म्हणून ‘लोक नीट भरत नाहीत’ ही तक्रार आम्हाला अपुरी वाटते. चौकट एका प्रकारच्या शहराची, शहर दुसऱ्या प्रकारचं, आणि मधला निर्णय प्रत्येकानं एकट्यानं घेतलेला. विसंगती तिथून येते.

त्यात भर लिपीची आणि लेखनाची. ‘प्रताप नगर’ दोन शब्द की ‘प्रतापनगर’ एक शब्द? त्रिमूर्ती की त्रिमुर्ती? लक्ष्मी नगर रोमनमध्ये लिहिताना कुणी ‘एक्स’ वापरतो, कुणी ‘के-एस-एच’. कुणी पत्ता देवनागरीत भरतो आणि रस्त्याचं नाव आधीच रोमनमध्ये भरलेलं असतं. माणसाला ही सगळी एकच नावं वाटतात. यंत्राला तसं शिकवावं लागतं.

मग बिघडतं काय?

नकाशाच्या चित्रात काहीच बिघडत नाही, आणि म्हणून हा प्रश्न लक्षात येत नाही. घराची आकृती दिसते, रस्ता दिसतो. बिघडतं ते शोधताना.

ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीत पत्ता शोधून देणारं एक प्रमुख यंत्र आहे, नॉमिनॅटिम. घराच्या नोंदीत स्ट्रीट लिहिलेला असेल, तर ते आसपास त्या नावाचा रस्ता आहे का ते बघतं आणि घराला त्या रस्त्याशी जोडतं. त्या नावाचा रस्ता सापडलाच नाही, तर सगळ्यात जवळच्या रस्त्याशी जोडतं. पहिल्या स्वयंसेवकानं स्ट्रीट म्हणून ‘प्रताप नगर’ लिहिलं होतं. तसा रस्ताच नाही. मग घर भलत्याच रस्त्याच्या नावावर चढतं. दुसऱ्याच्या नोंदीत घर रिंग रोडशी जोडलं जातं. आता आणखी दहा ले-आउटमधल्या घरांनाही कुणी स्ट्रीट म्हणून रिंग रोड दिला असेल, तर ‘४५, रिंग रोड’ अशी कितीतरी घरं तयार होतात. एकही रिंग रोडवर नाही.

रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं, १०८ ला फोन लावला, आणि गाडी घेऊन येणारा माणूस या भागातला नाही. तो नकाशा कोणताही वापरत असो, अडचण तीच : नंबर आहे, पण तो कोणत्या ले-आउटचा ते कळत नाही. दिवसा चौकातल्या पानठेल्यावर विचारता येतं. रात्री पानठेला बंद असतो.

दुसरं उदाहरण खऱ्या घटनेचं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जोराचा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. त्या दिवसांत शहराच्या तोंडी कोणती नावं होती आठवा : अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी. रस्त्यांची नावं नव्हती. संकट आलं तेव्हा शहरानं स्वतःला ले-आउटच्या नावानं ओळखलं. कोणत्या ले-आउटमध्ये किती घरं, कोणत्या घरांपर्यंत अजून कुणी गेलेलं नाही, हे प्रश्न नकाशाला विचारता यायला हवेत. माहितीसाठ्याला असे प्रश्न विचारण्याचं ओव्हरपास नावाचं साधन आहेही. पण ले-आउटचं नाव एका घरावर हाउसनेममध्ये, दुसऱ्यावर स्ट्रीटमध्ये आणि तिसऱ्यावर नाहीच, असं असेल तर उत्तर चुकीचं येतं. आणि ते चुकीचं आहे हे दिसतही नाही, ही त्यातली वाईट गोष्ट.

ज्या वस्त्या उशिरा नियमित झाल्या, त्यांना याची झळ जास्त बसते. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याखाली स्थापन झाला. त्यानं आखलेल्या किंवा मंजूर केलेल्या ले-आउटचे नकाशे निदान कागदावर तरी असतात. पण शहर त्याच्यापेक्षा वेगानं वाढलं. विनापरवानगी पडलेल्या ले-आउटसाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला, आणि ‘५७२ ले-आउट’, ‘१९०० ले-आउट’ हे शब्दप्रयोग नागपुरात रुळले. अशा ठिकाणी प्लॉटचा क्रमांक आणि सोसायटीचं नाव हीच घराची ओळख. नकाशानं तेच गाळलं, तर घर चित्रात राहतं आणि शोधात हरवतं.

‘प्रताप नगर’ म्हणजे नेमकं कुठं?

आता वस्तीच्या नावाकडे येऊ. प्रताप नगर हे एकच नाव किमान चार अर्थांनी वापरलं जातं.

एक, लोकांच्या बोलण्यातली वस्ती. तिची सीमा कुठं संपते आणि त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर किंवा खामला कुठं सुरू होतो, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. दोन, चौक. ‘प्रताप नगरला उतरवा’ असं ऑटोवाल्याला सांगितलं, तर तो चौकात उतरवतो. तीन, पोलीस ठाणं. त्याच्या हद्दीत बोलण्यातल्या प्रताप नगरापेक्षा पुष्कळ जास्त भाग येतो. चार, टपाल कार्यालय. त्याचं नाव राणा प्रताप नगर. म्हणजे नावाचंही लांब रूप आणि आखूड रूप, दोन्ही चालू.

महानगरपालिकेच्या हिशोबात हा भाग लक्ष्मी नगर झोनमध्ये येतो. त्यामुळे कुणी सबर्बमध्ये प्रताप नगर लिहितो, कुणी लक्ष्मी नगर, कारण कराच्या पावतीवर झोनचं नाव छापलेलं असतं. पण लक्ष्मी नगर नावाची वस्तीही आहेच, ती वेगळी. मग झोन आणि वस्ती एकमेकांत मिसळतात.

आणि प्रताप नगर काय एकट्या नागपुरात आहे? जयपूरला आहे, उदयपूरला आहे, दिल्लीत त्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे, वडोदऱ्याला रेल्वे स्टेशन आहे. म्हणून सिटीच्या कप्प्यात नुसतं ‘नागपूर’ असणं महत्त्वाचं. ‘प्रताप नगर, नागपूर’ असं जोडून लिहिलं, की त्या नावाचं शहर यंत्राला सापडत नाही.

पिनकोडबद्दल थोडं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिच्यामागचं नाव मराठी आहे : श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवीही. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन टपाल वाटणारं कार्यालय. म्हणजे ४४००२२ हा वस्तीचा नंबर नाही, ती टपालाच्या वाटपाची हद्द आहे. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, गोपाल नगर यांच्या पत्त्यांवर तोच पिन दिसतो. शेजारच्या खामल्याच्या पत्त्यावर ४४००२५. पिनवरून वस्ती ओळखायला गेलात तर फसाल, आणि वस्तीवरून पिन अंदाजानं भरलात तरी फसाल.

यंत्राकडून साफ करून घेऊ का?

बरेच तरुण श्रोते म्हणतील, एवढं काय? एक छोटा प्रोग्रॅम लिहू. जिथं जिथं स्ट्रीट ‘प्रताप नगर’ असेल तिथून ते उचलून सबर्बमध्ये टाकू. ‘प्लॉट नं.’ हे शब्द काढून टाकू. एका रात्रीत काम संपेल.

इथं आमचं म्हणणं वेगळं आहे. ‘प्लॉट नं.’ काढायला हरकत दिसत नाही. पण घराला दोन नंबर असतात. एक ले-आउटचा प्लॉट क्रमांक, दुसरा महानगरपालिकेचा घर क्रमांक. काही फाटकांवर दोन्ही रंगवलेले असतात. नोंदीत ‘प्लॉट नं.’ हे शब्द असतील, तर निदान हा आकडा कोणता ते कळतं. सरसकट काढले की तो पुरावा गेला. तसंच ‘रिंग रोड’चं. आतल्या घरासाठी ते चूक आहे. पण रिंग रोडला तोंड करून असलेल्या दुकानासाठी ते बरोबर आहे. पन्नास मीटरच्या अंतरात नियम बदलतो. यंत्राला दुकानाचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसतं, चालत जाणाऱ्या माणसाला असतं.

म्हणूनच ओपनस्ट्रीटमॅपमध्ये असा संकेत आहे, की यंत्राच्या मदतीनं मोठ्या प्रमाणावर बदल करायचे असतील तर आधी जाहीर चर्चा करावी. जागेवर जे दिसतं ते घरबसल्या केलेल्या तर्कापेक्षा वरचढ, हा तिथला जुना नियम. यंत्राला शंकास्थळांची यादी करू द्यावी. निर्णय माणसानं जागेवर जाऊन घ्यावा.

मग ठरवायचं काय?

आमच्या मते वस्तीपुरता एक पानाचा करार पुरे. सगळ्या देशाचं एकमत होईपर्यंत थांबायची गरज नाही. त्या पानावर साधारण असं असावं.

१. हाउसनंबरमध्ये फक्त क्रमांक : ४५, ४५-अ. हा क्रमांक प्लॉटचा की महानगरपालिकेचा, हे एकदाच ठरवून लिहून ठेवावं. आमचा कौल प्लॉट क्रमांकाला, कारण लोक पत्ता सांगताना तोच सांगतात. दुसरा नंबर वेगळ्या चिठ्ठीत राहू द्यावा.

२. ले-आउट किंवा सोसायटीचं नाव ‘प्लेस’मध्ये. रस्त्यावर न बेतलेल्या पत्त्यांसाठीच ही चिठ्ठी आहे. प्लेस वापरलं तर स्ट्रीट वापरायचं नाही. आणि नुसतं घरावर लिहून भागत नाही. तो ले-आउटसुद्धा त्याच नावानं नकाशावर स्वतंत्र दाखवायचा, म्हणजे यंत्राला घर त्याच्याशी जोडता येतं.

३. स्ट्रीट फक्त तिथं, जिथं रस्त्याला खरंच नाव आहे आणि लोक त्याच नावानं पत्ता सांगतात. बिननावाच्या गल्लीला नाव बनवायचं नाही. रस्त्याला नाव नाही, हे सांगण्याचीही चिठ्ठी आहे, ती लावावी.

४. सबर्बमध्ये ‘प्रताप नगर’, एकाच लेखनात. ‘राणा प्रताप नगर’, ‘प्रतापनगर’ ही पर्यायी नावं आणि दुसऱ्या लिपीतलं नाव वस्तीच्या एका नोंदीवर लिहायचं. प्रत्येक घरावर नाही.

५. ‘मंदिराच्या मागे’ हे घराच्या पत्त्यात नको. मंदिर नकाशावर मंदिर म्हणून दाखवा. मागे काय आहे ते नकाशाच सांगेल.

६. पिनकोड सहा आकडी, मध्ये जागा न सोडता, आणि पाटीवर वाचला असेल तरच.

७. कळत नसेल तर ‘फुल’मध्ये पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा. अर्धवट ओळखून चुकीच्या कप्प्यात घालण्यापेक्षा हे बरं. नंतर येणारा माणूस त्यावरून सुटे भाग करू शकतो.

यात एक खरी अडचण आहे, ती लपवायला नको. सगळी ॲप्स ‘प्लेस’ची चिठ्ठी नीट वाचत नाहीत. काही ॲप्सना स्ट्रीट नसेल तर पत्ता अपुरा वाटतो. त्यामुळे काही जाणते स्वयंसेवकही मुद्दाम ले-आउटचं नाव स्ट्रीटमध्ये घालतात, म्हणजे आज शोध लागतो. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ॲप उद्या सुधारेल. नकाशात शिरलेला खोटा रस्ता तसाच राहील. एखाद्या ॲपला आवडावं म्हणून नोंद वाकवू नये, हेही या मंडळींचं जुनंच सूत्र आहे, आणि ते इथं पाळावं असं आम्हाला वाटतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*डिजिपिन आल्यावर या सगळ्याची गरज उरेल का?*

टपाल खात्यानं मे २०२५ मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या मदतीनं तो तयार झाला. देशाचे साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत दिला आहे. चांगली सोय आहे, रात्रीच्या त्या रुग्णवाहिकेला तो नक्की उपयोगी पडेल, जर फोन करणाऱ्याला तो माहीत असेल तर. पण डिजिपिन जागा सांगतो, नाव सांगत नाही. चार मजली इमारतीतले एकावर एक असलेले फ्लॅट एकाच चौकोनात येतात. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून दहा अक्षरं येत नाहीत. ‘४५ नंबर, अमुक सोसायटी’ हेच येतं. दोन्ही लागतील.

*दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून पत्ते उतरवून घेतले तर काम लवकर होईल ना?*

होईल, पण तसं करायचं नाही. त्या नकाशांवर त्या कंपन्यांचे हक्क आहेत. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती खुल्या परवान्यावर दिली जाते. परवानगी नसलेली माहिती त्यात मिसळली तर ती काढून टाकावी लागते. स्वतः पाहिलेली पाटी हा सगळ्यात चांगला आधार. स्ट्रीटकम्प्लीटसारखं ॲप मोबाइलवर घेतलं, तर ते चालता चालता ‘या घराचा नंबर काय?’ असं विचारतं. फक्त, इथं विचारलेला नंबर म्हणजे प्लॉटचा नंबर, हे आपल्या एका पानावर आधी ठरलेलं हवं.

*आमच्याकडे लोक घरमालकाच्या आडनावानं घर ओळखतात. ते लिहावं का?*

नाही. फाटकावर घराचं नाव असेल, ‘श्रमसाफल्य’, ‘मातृछाया’ असं काही, तर ते हाउसनेममध्ये जरूर लिहा. त्या कप्प्याचं खरं काम तेच. पण कोण कुठं राहतं ही खासगी बाब आहे. जगाला उघड असलेल्या नकाशात राहणाऱ्यांची नावं घालू नयेत.

*आधीच्या चुकीच्या नोंदी पुसून टाकायच्या का?*

पुसू नका, दुरुस्त करा. प्रत्येक नोंदीचा इतिहास तिथं जपलेला असतो. कुणी केव्हा काय बदललं ते दिसतं. बदल करताना एक ओळीची टीप लिहायची सोय आहे. तिथं लिहा, ‘ले-आउटचं नाव स्ट्रीटमधून प्लेसमध्ये हलवलं, जागेवर पाहिलं.’ आधी नोंद करणाऱ्याला निरोप पाठवता येतो, तोही पाठवा. बऱ्याचदा तो याच शहरातला असतो, आणि त्यालाही हा प्रश्न पडलेला असतो. त्या एका पानाच्या कराराला दुसरी सही तिथूनच मिळते.

शेवटी एक छोटं काम सांगतो. आज घरी गेल्यावर आपल्याच फाटकावरची पाटी बघा. तिच्यावर प्लॉट नंबर आहे का? सोसायटीचं नाव आहे का? नसेल तर नकाशात कितीही शिस्त आणली तरी घर शोधणाऱ्याला अडचण येणारच. आधी ते दोन शब्द फाटकावर रंगवून घ्या. मग आपल्या गल्लीतली दहा घरं ठरलेल्या पद्धतीनं भरा, आणि पुढच्या गल्लीतल्या कुणाला तरी ते एक पान दाखवा.